कपाटावरची म्हातारी

४ जून

नमस्कार,

आज धाकटीची खोली रिकामी केली. सकाळी सातला सुरुवात केली, अकराला काम संपलं. कपड्यांच्या तीन पिशव्या झाल्या, भांड्यांचं एक खोकं, पुस्तकांची दोन. पलंग आणि टेबल घरमालकांचंच होतं. त्यांनी किल्ली घेतली आणि भिंतीवरचे खिळे मोजले. बाराच्या बसने निघाले. सहाला घरी पोहोचले.

आपली ओळख हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकापुरती आहे, म्हणून लिहिते. मी तिची मोठी बहीण. शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक आहे. तुम्ही तिच्या कोंबुचाच्या कामातल्या भागीदार, एवढं मला ठाऊक आहे. गोड चहा आंबवून बाटल्यांत भरायचा आणि विकायचा, यापलीकडे त्या कामातलं मला काही कळत नाही. तुमचा पत्ता बाटलीवरच्या लेबलवरून घेतला.

खोलीत दोन वस्तू तिच्या नव्हत्या. एक राखाडी स्वेटर, तिच्या मापाचा नाही. एक कप, त्यावर नेलपॉलिशने ‘बूच’ लिहिलं आहे. तिच्या फोनमध्येही बूच नावाने रोजचे पाच-सहा फोन दिसले. बाटलीला लावतात ते बूच, कुणा दुकानदाराचा नंबर असेल, असं मी समजले होते. ते माणसाचं नाव असेल असं वाटलं नव्हतं. दोन्ही वस्तू वेगळ्या पार्सलने पाठवत आहे. कप वर्तमानपत्रात गुंडाळला आहे. तरी फुटला तर माझा इलाज नाही.

तुम्ही दोनदा फोन केलात, तेव्हा तिच्या फोनवर तेच नाव आलं. मला फोनवर बोलता येत नाही. काही असेल तर लिहून कळवा.

धाकटीची मोठी बहीण


९ जून

ताई,

कप शाबूत आला. स्वेटरही. स्वेटर तुम्ही धुऊन पाठवलात. का हो धुतलात? असू दे.

बूच मीच. नाव साहेबने ठेवलं. साहेब म्हणजे तुमची धाकटी, कारण काम सुरू करण्याआधी ती सगळ्यांना सूचना द्यायची, आणि ‘सगळे’ म्हणजे मी एकटीच असायचे. पहिल्याच महिन्यात मी दिवसभरात दोनशे बाटल्यांना बुचं लावली आणि संध्याकाळी टेबलावर डोकं टेकून झोपले. ती म्हणाली, “दोनशे एकावं बूच हे.” झालं. नऊ वर्षं तेच. आमच्या कॉफीवाल्यालासुद्धा माझं खरं नाव माहीत नाही.

आता कामाचं लिहिते, कारण दुसरं लिहायला घेतलं की कागद भिजतो.

पिंपं गेली, ताई. सगळी. नऊ दिवस मी हॉस्पिटलच्या बाकावर होते, ती गेल्यानंतरचे काही दिवस कुठे होते मला आठवत नाही. छापखान्यामागची आमची खोली पत्र्याची आहे. उन्हाने चहा जास्तच आंबला, एका पिंपावरचं फडकं सरकलं, आत चिलटं गेली, त्यांनी अंडी घातली. दुसऱ्यात हिरवी बुरशी. पिंपांवरची साय टाकावी लागली. ही साय म्हणजे जाड, रबरासारखी चकती असते, लोक तिला स्कोबी म्हणतात. तीच चहा आंबवते. ती नसली तर नुसता गोड चहा.

पण आमची एक राखीव बरणी आहे. पहिल्या दिवशीची साय त्यात असते. साहेब तिला म्हातारी म्हणायची. दर खेपेला हिच्या पोटचं नवं बाळ पिंपात जायचं, आणि म्हातारी बरणीत निवांत, महिन्याला एकदा चहा पिऊन. “म्हातारीला चहा दिलास का?” हे माझ्या कानात अजून वाजतं. मे महिन्यात पत्रा तापायला लागला तशी साहेबने बरणी हलवली. म्हणाली, सुरक्षित जागी ठेवलीय. कुठे, ते मी विचारलं नाही. विचारायला काय, उद्या विचारू म्हटलं.

खोलीत काचेची मोठी बरणी दिसली का? तोंडाला फडकं, आत तपकिरी पाणी, वर चामड्यासारखं काहीतरी?

आणि दुसरं. आत जायचा पास एकच होता आणि तो तुमच्या गळ्यात होता. म्हणून विचारते. ती काही बोलली का? माझ्यासाठी असं नाही. काहीही.

बूच


१४ जून

नमस्कार,

आज शाळेत नव्या वर्षाचं सामान आलं. ऐंशी परीक्षानळ्या, त्यातल्या चार फुटलेल्या. नोंद करून ठेवल्या. दुपारी पाऊण तास वीज नव्हती.

बरणी होती. कपाटावर होती. पाण्यात तपकिरी धागे लोंबत होते आणि वास येत होता. मला ती खराब झालेली वस्तू वाटली. मी टाकून दिली. मला माहीत नव्हतं.

ती काही बोलली नाही. तोंडावर मास्क होता.

आणखी एक. मला ताई म्हणू नका. मला ताई म्हणणारी एकच होती.

धाकटीची मोठी बहीण


१८ जून

बाई,

हे चालेल ना? शाळेतल्या आहात, म्हणून बाई.

बरणीबद्दल तुमची चूक नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती तशीच दिसते. मीही पहिल्या दिवशी विचारलं होतं, हे काय, कुणाचं मूत्रपिंड? कचऱ्यात टाकलीत की झाडाला घातलीत, असं विचारणार होते. पण विचारून काय उपयोग.

मी विकतची साय मागवली. खोक्यातून येते, बरोबर छापील कागद. आंबवायचं तर आंबवते बिचारी. कॉफीवाल्याला चव दिली. हे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, त्याच्या फ्रिजमध्ये मधली फळी आमची असते आणि तीच बघून बाकीचे दुकानदार आमचा माल ठेवतात. एक घोट घेतला आणि म्हणाला, “बूच, चांगलंय. पण हे तुमचं नाही.” पंधरा जुलैपर्यंत थांबतो म्हणाला. मग ती फळी तो दुसऱ्या कुणाला देईल. मी त्याला दोष देत नाही. रिकामी फळी किती दिवस गार करायची?

मास्कचं समजलं.

एक लिहू का? चौथ्या दिवशी मी तुमच्याकडे पास मागितला होता. पाच मिनिटांसाठी. तुम्ही म्हणालात, डॉक्टर नको म्हणतात. मी बसून राहिले. समोर हात धुवायचं बेसिन होतं, त्याचा नळ गळत होता. तुम्ही दर दोन तासांनी बाहेर यायचात, पाणी प्यायचात आणि माझ्याकडे न बघता आत जायचात. त्या दाराचा मला इतका राग यायचा. दाराचा म्हणते आहे.

तुमच्या मनात येत असेल, हिला नऊ वर्षं मिळाली, मला नऊ दिवस. करता का अदलाबदल? मी आज तयार आहे.

बूच


२७ जून

नमस्कार,

आज नववीच्या मुलींना आंबवण्याची क्रिया शिकवली. बाईंनी शिकवली, मी मांडणी केली. प्रत्यक्ष दाखवता यावं म्हणून मी बाजारातून एक साय मागवली आहे. त्याबाबत काही शंका आहेत.

धाकटीची वही माझ्याकडे आली आहे. तिच्यावरून करू म्हटलं तर त्यात एकही माप नाही. चहापत्ती नेहमीएवढी. साखर नेहमीएवढी. दिवस नेहमीएवढे, मग बू.ला चव देणे. सतरा ठिकाणी ‘बू.ला विचारणे’ असं आहे. मी मोजलं. एवढी शिकलेली मुलगी, मी स्वतः तिला मोजपात्र धरायला शिकवलं होतं, पातळी डोळ्यांसमोर आणून वाचायची. आणि वहीत ‘नेहमीएवढी’. तिला वाटलं असावं, जिला माहीत पाहिजे तिला माहीत आहे.

तेव्हा, नेहमीएवढी म्हणजे किती, ते ग्रॅममध्ये कळवावं.

दुसरं, सायीच्या खाली लांब तपकिरी धागे लोंबत होते. ते मी उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन काढले. जुनं आंबट पाणी गढूळ होतं, ते ओतून टाकलं. थोडंच उरलं आहे. बरणी निर्जंतुक केली, ताजा गोड चहा घातला. आता चौथा दिवस आहे. वर पांढरट ठिपके दिसू लागले आहेत. हे बरोबर आहे का?

अदलाबदलीबद्दल विचारलंत. नाही.

मोठी बहीण


१ जुलै

बाई,

पत्र हातात पडलं तशी लिहायला बसले. स्पीडपोस्टने टाकते. आधी हे करा, बाकीचं नंतर वाचा.

धुऊ नका. कधीच नाही. ते जुनं आंबट पाणी म्हणजे तिचं कवच. ते ओतलंत म्हणजे तिला उघडी पाडलीत. जेवढं उरलं असेल तेवढं सगळं परत बरणीत घाला. साधं पांढरं व्हिनेगर मिळतं ते आणा, लिटरमागे चार चमचे घाला. तुमच्याकडे शाळेत आम्लता बघायचे कागद असतील. साडेचारच्या खाली आलं पाहिजे, तोवर चमचा-चमचा वाढवा. ठिपक्यांवर कंदील धरल्यासारखं वाकून बघा. कोरडे, केसाळ असतील तर बुरशी, मग काही खरं नाही. ओले, गुळगुळीत, तेलाच्या थेंबासारखे असतील तर ते बाळ आहे. फडकं दुहेरी, रबर घट्ट. उन्हात नको, फ्रिजमध्ये तर नकोच नको.

नेहमीएवढी म्हणजे लिटरला आठ ग्रॅम चहापत्ती, सत्तर ग्रॅम साखर, शंभर मिली जुनं आंबट पाणी. सात दिवस, उकाड्यात सहा. वहीत लिहिलं नाही, कारण मोजायची मी. साहेब नुसती ढवळायची आणि बोलायची.

आता बाकीचं.

विकतच्या सायीला असे धागे पहिल्या आठवड्यात येत नाहीत, बाई. लांब तपकिरी धागे यायला वय लागतं. पण मुलींचा प्रयोग आहे म्हणता, तर असेल.

मला तुमची एक परवानगी हवी आहे. छापखान्यामागच्या आमच्या खोलीत आत शिरलं की डाव्या हाताला एक फळी आहे. तिला आम्ही ताईची फळी म्हणतो. नऊ वर्षांत आम्ही जी नवी चव केली तिची पहिली बाटली त्या फळीवर जायची. आलं, द्राक्ष, लिंबाची पानं, एकदा बीट, ते भयंकर झालं होतं, तेही आहे. प्रत्येकीवर साहेबच्या अक्षरात ‘ताई’ आणि तारीख. एकेचाळीस बाटल्या. मे महिन्यातली शेवटची साध्या चहाची आहे, तिच्यात फळबीळ काही नाही.

मी कितीदा म्हटलं, “अगं, पाठवून दे एकदाच्या, नाहीतर पिऊन टाकू.” तर म्हणायची, “मागेल तेव्हा पाठवीन.” मी म्हणायचे, “ती नाही मागायची.” “मागेल गं. हट्टी आहे, वेळ लागेल.” तुम्ही म्हणे तिला एकदा म्हणाला होतात, नोकरी सोडून लोकांना बुरशीचं पाणी विकणार का. ती ते सगळ्यांना हसत सांगायची. अगदी तुमच्या आवाजात. पण फळीला कुणाला हात लावू द्यायची नाही.

आणि तुम्हाला सांगते, त्या बाटल्यांत गॅस धरतो. उघडून सोडला नाही तर फुटतात. दर शनिवारी एकेचाळीस तारेची बुचं उघडायची, फुस्स झालं की लावायची. ते काम कुणाचं? माझं. जी बाई कधी आमच्या दारात आली नाही तिच्यासाठी. आम्हाला फळीवर जागा पुरायची नाही, लेबलांचे गठ्ठे मी मांडीवर घेऊन बसायचे, पण ताईची फळी तिथेच. मी शनिवारी मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हटलंय ते लिहीत नाही. अजून सोडते गॅस. रागाने सोडते, पण सोडते.

साध्या चहाच्या त्या बाटलीतून नवी साय धरता येईल. दीड-दोन महिने लागतील, कॉफीवाल्याची तारीख निघून जाईल, पण चव आमची असेल. बाटलीवर तुमचं नाव आहे म्हणून विचारते. उघडू का?

बूच


६ जुलै

नमस्कार,

आज रविवार. सकाळी बसस्टँडवर जाऊन उद्याच्या सहाच्या बसचं तिकीट काढलं. घरी आले, पुन्हा गेले आणि परत केलं. मी समोर आले तर हे सांगणार नाही, एवढं मला माझ्याबद्दल माहीत आहे. म्हणून लिहिते.

बाटली उघडू नका. त्याची गरज नाही.

मी बरणी टाकली नाही. बसमध्ये सहा तास मांडीवर धरून आणली. शेजारच्या बाईंनी विचारलं, लोणचं का, मी हो म्हटलं. ती माझ्या स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या फळीवर आहे. मुलींचा प्रयोग वगैरे काही नाही. मला वाटलं, धाकटी जे करायची ते मला करता येईल, आणि मग ते तुमच्याकडून शिकावं लागणार नाही. ते जमलं नाही. तुम्ही लिहिलंत तसं सगळं केलं. आम्लता साडेतीनवर आली आहे. ठिपके ओले होते. आता त्यांची सलग पातळ साय झाली आहे.

तुम्हाला हे पहिल्या ओळीतच कळलं होतं, आणि तरी तुम्ही ग्रॅममध्ये लिहून पाठवलंत.

आता दुसरं.

ती बोलली होती. चौथ्या दिवशी सकाळी, नर्सने मास्क काढून पाणी पाजलं तेव्हा. स्पष्ट बोलली. म्हणाली, “ताई, बूच बाहेर बसलीय ना? तिला सांग, इथे बसू नको म्हणावं. पिंपांकडे जा. आणि म्हातारी माझ्या कपाटावर आहे, तिला चहा दे म्हणावं.” बूच कोण, म्हातारी कोण, मला काही कळलं नाही. पण बाहेर कोण बसलं आहे ते कळलं. त्या दाराला काच नव्हती. तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं. तरी तुम्ही बाहेर आहात हे तिला ठाऊक होतं. मी समोर होते. चार दिवस तिची नखं, केस, पाणी सगळं मी बघत होते आणि ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते तुमच्यासाठी.

मग म्हणाली, “पाय झाक.” मी पाय झाकले. त्यानंतर ती नीट बोलली नाही.

दुपारी तुम्ही पास मागितलात. डॉक्टर काही म्हणाले नव्हते. मी म्हटलं.

निरोप दिला असता तर तुम्ही त्याच दिवशी गेला असतात आणि पिंपं वाचली असती. हे मला तुमचं पहिलं पत्र वाचतानाच कळलं होतं. कळूनही मी बरणी टाकली असं लिहिलं.

बरणी उद्या सहाच्या बसने कंडक्टरच्या हाती पाठवते आहे. दोन फडकी, दोन रबरं, भोवती टॉवेल. उभी ठेवायला सांगितलं आहे. सगळं आंबट पाणी बरणीतच आहे. माझ्याकडे काही ठेवलं नाही. वहीही पाठवते. मापं मी शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिली आहेत, ती खोडली तरी चालतील.

ताई म्हणालात तर आता माझी हरकत नाही. पण तसा माझा हक्क नाही हेही कळतं.

मोठी बहीण


१६ जुलै

बाई,

ताई म्हणायला आत्ता जमणार नाही. बघू.

बरणी पोहोचली. कंडक्टरने पायापाशी ठेवली होती, म्हणाला, “काय आहे हो यात, सारखं माझ्याकडे बघतंय.” मी फडकं काढलं. म्हातारीच. कडेला तिला एक खाच आहे, पहिल्या वर्षी साहेबने वाटीने कापली होती तिथे. मी तिथेच बसस्टँडच्या फरशीवर बसले. लोक वळसा घालून जात होते.

आठ तारखेला अर्ध पिंप लावलं. आंबट पाणी तेवढंच होतं. काल सकाळी बाटल्या भरल्या, नुसत्या, गॅस न धरता, आणि कॉफीवाल्याकडे नेल्या. त्याने घोट घेतला. उठला आणि मधली फळी पुसायला लागला. तीस बाटल्या ठेवल्यात. बाकीच्या जागेत लिंबं ठेवतो म्हणाला, तुम्ही भराल तेव्हा काढतो.

आता तुमचं पत्र.

मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा फाडायला घेतलं आणि साहेबचं वाक्य त्यात आहे म्हणून फाडलं नाही. तेवढी ओळ कापून घ्यावी असं वाटलं, पण मागच्या बाजूला तुमचं ‘डॉक्टर काही म्हणाले नव्हते’ येतं. दोन्ही एकाच कागदावर. तसंच ठेवलंय.

मला तुमचा राग आला आहे. पिंपांचा नाही. पिंपं पुन्हा भरतील. मी नऊ दिवस त्या बाकावर बसून विचार करत होते की तिला माझी आठवण तरी आहे का, आणि पाच दिवस ते उत्तर तुमच्या तोंडात होतं. पाणी प्यायला बाहेर यायचात तेव्हा. हा राग जायला वेळ लागेल. तो कधी जाईल ते ग्रॅममध्ये सांगता येणार नाही.

पण एक सांगते, आणि सांगायची इच्छा नाही. आम्ही नऊ वर्षं एका खोलीत काम केलं. थंडीत पोती पांघरून झोपलो, तापात एकमेकींना गोळ्या दिल्या. ती मला हजार गोष्टी म्हणाली. हे उचल, ते धर, डोकं खाऊ नकोस. ‘पाय झाक’ कधी म्हणाली नाही. झोपेत पांघरूण लाथेने उडवायची, मी घालायला गेले तर “राहू दे” म्हणायची. मला वाटायचं तिला उकडतं. तुम्ही लिहिलंत तेव्हा कळलं, ते काम दुसऱ्या कुणाचं होतं. तुम्हाला काही मिळालं नाही असं तुम्ही लिहिलंय. पुन्हा वाचा तुमचंच पत्र.

पार्सलमध्ये दोन वस्तू आहेत. एक, फळीवरची शेवटची बाटली, मे महिन्याची. तुमची आहे, तुम्ही उघडा. बेसिनमध्ये धरून उघडा, छातीशी धरून नको. दोन, लहान बरणी. तिच्यात म्हातारीचं नवं बाळ. वर धरलेली साय तुमच्याच स्वयंपाकघरातली आहे, ती मी कशाला ठेवू. धुऊ नका म्हणजे झालं.

बाकीच्या चाळीस मी पाठवणार नाही. न्यायच्या तर या. शनिवारी दुपारी मी गॅस सोडत असते. चाळीस बुचांना दोन हात कमीच पडतात.

बूच


२२ जुलै

बूच,

आज शाळेला सुट्टी होती. सकाळी कपडे धुतले. पार्सल अकराला आलं. बरणी सांडली नव्हती. बाटलीवरचं लेबल एका कोपऱ्यात सुटलं होतं, ते गोंदाने चिकटवलं आणि वाळू दिलं. मग उघडली.

बेसिनमध्ये धरूनच उघडली. तरी फेस हातावर आला. वेलचीच्या डब्यापर्यंत शिंतोडे गेले. अर्धा ग्लास घेतला. खुर्चीवर बसून सगळा प्यायले. आंबट आहे. नाकात जातं. मला आवडलं असं लिहिलं तर खोटं होईल, आणि तुम्हाला आता खोटं लिहायचं नाही. पण दुसरा अर्धा ग्लासही घेतला.

ती लहान असताना मी तिला लिटमसचे कागद आणून द्यायचे. लिंबू, चहा, साबण, जे दिसेल त्यात बुडवायची आणि रंगाप्रमाणे ओळीने वहीत चिकटवायची. एकदा माझ्या कपातल्या चहात बुडवला आणि म्हणाली, ताई, तू काहीच नाहीस, ना आंबट, ना कडू. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला नऊ वर्षांत बरंच माहीत झालं असेल, हे नसेल. हे लिहितानाही मला ते तुम्हाला द्यावंसं वाटत नव्हतं. दिलं आहे.

पाय झाकण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचलं. पुन्हा वाचलं नाही.

तुमचा राग तुमच्याकडे असू द्या. मी घाई करणार नाही. बाटल्या ठेवायला जागा पुरत नसेल तर माझ्या फळीवर लेबलांचे गठ्ठे ठेवा, माझी हरकत नाही. बीटाची बाटली मात्र मला बघायची आहे. शनिवारी आमची शाळा अर्धा दिवस असते. साडेबाराची बस आहे, ती साडेसहाला पोहोचते, म्हणजे तुमची दुपार टळून गेलेली असेल. शनिवारची रजा मिळते का ते विचारते, म्हणजे सकाळी सहाच्या बसने निघता येईल.

बाटलीत शंभर मिलीपेक्षा थोडं जास्त उरलं आहे. ते टाकणार नाही. एक लिटर पाणी उकळून त्यात आठ ग्रॅम चहापत्ती आणि सत्तर ग्रॅम साखर घातली आहे. शाळेचा तराजू आणला होता. चहा निवेपर्यंत हे पत्र लिहिलं.

मोठी

ता. क. चहा निवला. गाळून लहान बरणीत ओतला, बाटलीतलं उरलेलं वरून घातलं. साय आधी बुडाली, मग एका बाजूने वर आली. वाळत घातलेलं फडकं दोरीवरून काढून दुहेरी केलं आणि बरणीवर घातलं. रबर सैल होतं, दोन वेढे द्यावे लागले.